रथघोष आणि ध्वनिविचार

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात एक मार्मिक प्रसंग आहे. बाहुक नावाचा कुरूप सारथी ऋतुपर्ण राजाचा रथ हाकीत कुंडिनपुरात येतो आणि रथ नगरीत शिरताच त्याचा घोष दमयंतीच्या कानी पडतो. तो मेघगर्जनेसारखा घोष ऐकून मोर आणि हत्तीही उत्कंठित होतात. दमयंती मात्र त्या घोषावरून सारथी ओळखते. नलाचे रूप पालटले आहे, नाव पालटले आहे. चाकांच्या द्वारे बोलणारा त्याचा हात तेवढा पालटलेला नाही. कुंडिनपूर म्हणजे परंपरेने अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडिण्यपूर. तेव्हा चाकांच्या आवाजावरून सारथ्याची पारख करणे ही कल्पना आपणांस परकी मानण्याचे कारण नाही. तिचा एक फार जुना दाखला विदर्भाच्याच राजधानीतला आहे.

या दाखल्याचे स्मरण होण्यास निमित्त झाले ते एका अगदी आधुनिक कलाप्रकाराचे. संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या मोटार-शर्यतींच्या ज्या प्रतिरूप-खेळांना सिम्युलेशन म्हणतात, त्यांत टायरांच्या आवाजाकडून एक विशेष काम करून घेतले जाते. चालकाला गाडीच्या स्थितीची वार्ता देणे, हे ते काम होय. हा विषय वाङ्मयीन मासिकाचा आहे काय, असा प्रश्न काही वाचक करतील. परंतु जेथे एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या रूपाने प्रकट केली जाते, जेथे निवड आहे, संकेत आहे आणि रसिकाची तयारी आहे, तेथे टीकाकाराला प्रवेश असलाच पाहिजे. नाटक, चित्रपट आणि नभोनाट्य यांना आपल्या टीकेने हळूहळू, काहीसे नाखुषीने का होईना, घरात घेतले. या नव्या पाहुण्याला ओसरीवर तरी बसवावयास हरकत नसावी.

आणि गाझियाबादेत बसून हा विचार करण्यास आणखीही एक कारण आहे. गौतम बुद्ध नगर हा जिल्हा १९९७ मध्ये निघाला, तो गाझियाबाद आणि बुलंदशहर या जिल्ह्यांचे भाग तोडून. त्याच जिल्ह्यात, यमुना द्रुतगती मार्गालगत, हर्मान टिल्के यांनी आखलेला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट हा शर्यतीचा मार्ग आहे. लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणे सोळा. ३० ऑक्टोबर २०११ रोजी येथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. २०११, २०१२ आणि २०१३ अशा तिन्ही वर्षी सेबास्टियन फेटेल याने ती जिंकली आणि त्यानंतर ती शर्यत पंचांगातून गळाली. गंमत अशी की कोडमास्टर्स या ब्रिटिश संस्थेचा ‘एफ वन २०११’ हा खेळ सप्टेंबर २०११ मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि त्यात हा मार्ग समाविष्ट होता. म्हणजे खऱ्या मार्गावर स्पर्धेतील पहिले चाक फिरण्यापूर्वीच जगभरच्या असंख्य घरांत त्याच्या प्रतिरूपावर चाके फिरू लागली होती, आणि खरी शर्यत थांबल्यावरही ती फिरत राहिली. मूळ आधी आणि अनुकृती नंतर, हा जो क्रम आपण गृहीत धरतो, तो येथे दोन्ही टोकांना उलटला आहे. अनुकृतीच्या सत्यासत्यतेचा प्रश्न ज्याला विचारावयाचा आहे, त्याला याहून चांगले उदाहरण घराजवळ मिळणे कठीण.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. खऱ्या गाडीतील चालक गाडी केवळ डोळ्यांनी चालवीत नाही. वळणावर त्याचे शरीर बाहेर फेकले जाते, ब्रेक लावताच पुढे झुकते, मागची चाके सरकू लागली की आसनातून कंबरेला ते कळते. आपल्या ट्रकचालकांना हे शास्त्र पुस्तकाविना येते. प्रतिरूप-खेळातील चालक मात्र खुर्चीवर स्थिर बसलेला असतो. त्याच्या शरीराला कोणतीही शक्ती ढकलीत नाही. म्हणजे चालकाजवळच्या साधनांपैकी जे सर्वांत विश्वासू, तेच येथे हिरावून घेतलेले असते. उरतात डोळा, कान आणि काही अंशी हात. हाताचे साहाय्यही सर्वांना सारखे मिळत नाही. प्रतिरोध देणारे स्टिअरिंगचे चाक महाग असते. ज्याच्याजवळ ते नाही आणि जो टंकफलकाच्या कळा दाबून गाडी हाकतो, त्याचे हातही मुकेच राहतात. इंदिरापुरम् किंवा वसुंधरा येथील एखाद्या सदनिकेत जुन्या संगणकापुढे बसलेल्या मुलाला गाडीच्या अंतःस्थितीची वार्ता द्यावयाची, तर ती कानाच्याच वाटेने द्यावी लागते.

ही वार्ता कशाची असते? मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला सुमारे तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो, आणि गाडीचे सारे भवितव्य या चार तळहातांवर अवलंबून असते. वळताना टायरची दिशा आणि त्याची प्रत्यक्ष गती यांत थोडा कोन पडतो. कोन वाढत जातो तशी पकड वाढते; पण ती अमर्याद वाढत नाही. सामान्य टायरात साधारण सहा ते दहा अंशांच्या आसपास ती शिखर गाठते आणि पुढे उतरू लागते. डेल्फ्ट येथील प्राध्यापक हान्स पासेका आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात या चढ-उताराला एका गणिती सूत्रात बसविले. त्या सूत्राला व्यवसायात ‘जादूचे सूत्र’ असेच म्हणतात आणि अनेक प्रतिरूप-खेळांच्या पायाशी ते किंवा त्याच्या धर्तीची सूत्रे असतात. टायर शिखराकडे जाऊ लागला की त्याच्या रबराचे ठोकळे रस्त्याला क्षणभर चिकटतात, ताणले जातात, सुटतात आणि पुन्हा चिकटतात. हे चिकटणे-सुटणे सेकंदाला शेकडो वेळा घडते आणि त्यातूनच तो परिचित आवाज जन्मतो. सारंगीवर गज फिरतो तेव्हा तारेचे जे होते, तेच येथे रबराचे होते. एक नाद आपण हौसेने ऐकतो, दुसरा दचकून ऐकतो, इतकाच फरक.

म्हणून हा आवाज मुळात अनुभाव आहे, असे म्हणता येईल. रंगभूमीवरील पात्राच्या चित्तातील स्थायी भाव प्रेक्षकाला प्रत्यक्ष दिसत नाही. स्वेद, कंप, स्वरभंग यांवरून तो प्रतीत होतो. टायरची उरलेली पकडही अशीच अदृश्य असते. ती किती उरली हे कोठेही लिहिलेले नसते. स्वरातील बदलावरून ती जाणावी लागते. येथे आनंदवर्धनाच्या ‘ध्वन्यालोका’ची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु एक सावधगिरी हवी. नवव्या शतकातील त्या काश्मीरी आचार्याचा ‘ध्वनि’ म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे. तो सूचित अर्थ होय. केवळ नामसाम्यावर सिद्धान्त ओढून आणणे शास्त्राला धरून होणार नाही. तथापि ही संज्ञा त्याने वैयाकरणांकडून उचलली, आणि वैयाकरणांच्या दृष्टीने ध्वनि म्हणजे स्फोटाला व्यक्त करणारा श्राव्य नादच होता. तेव्हा शब्द जेथून निघाला तेथे त्याला क्षणभर परत नेण्यास आनंदवर्धनानेही आक्षेप घेतला नसता.

त्या दृष्टीने पाहिले असता प्रतिरूप-खेळांतील टायरांचे आवाज तीन प्रतींचे आढळतात. सर्वांत खालच्या प्रतीचा आवाज निव्वळ शोभेसाठी असतो. आलंकारिक ज्याला चित्रकाव्य म्हणतील त्या जातीचा. १९८२ च्या ‘पोल पोझिशन’मध्ये वळणावर जो चीत्कार ऐकू येई, तो याच जातीचा होता. त्या काळच्या यंत्रांच्या मर्यादा पाहता त्याबद्दल तक्रार करणे अन्यायाचे होईल. दुसऱ्या प्रतीचा आवाज अभिधेचे काम करतो. टायर घसरला की तो ‘घसरला’ असे सांगतो, आणि किती घसरला हे सांगत नाही. १९९७ मध्ये जपानातून आलेल्या ‘ग्रान टुरिस्मो’च्या पहिल्या आवृत्त्यांतील आवाज मला या कोटीतला वाटतो. गाड्यांच्या वर्णनात इतकी सूक्ष्म असलेली ही कृती टायरांच्या बाबतीत मात्र एकच किंकाळी पुनःपुन्हा वापरल्याचा भास निर्माण करते. तिसऱ्या, म्हणजे उत्तम प्रतीत, आवाज हा अर्थाचा क्रम दाखवितो. तो मर्यादेच्या अलीकडेच सुरू होतो, भाराप्रमाणे जाड-बारीक होतो, पुढच्या चाकांचा वेगळा आणि मागच्या चाकांचा वेगळा कळतो, आणि पकड संपण्यापूर्वी चालकाला हात सैल करावयास अवसर देतो.

या उत्तम प्रतीचे माझ्या मते सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे पपायरस या अमेरिकन संस्थेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘ग्रांप्री लेजंड्स’ हा खेळ. त्याचा विषय १९६७ सालचा शर्यतींचा हंगाम. तेव्हा गाड्यांना पंख नव्हते, टायर अरुंद होते आणि गाडी वळणातून नेणे म्हणजे ती तिरपी सरकवीत नेणेच होते. या खेळात टायरांचा स्वर जवळजवळ अखंड ऐकू येतो, आणि ज्याला हा खेळ साधला तो वेगमापकाकडे फारसा पाहत नाही. स्वर कोठवर चढू द्यावयाचा, हेच त्याचे मोजमाप असते. गवय्या तंबोऱ्याशी आपला स्वर ताडून पाहतो, तसा तो दर वळणाला आपला हात त्या नादाशी ताडतो. कलाकृतीने विषयाची निवड आणि माध्यमाची मर्यादा यांचा असा मेळ घातलेला क्वचितच दिसतो. यंत्राजवळ शरीर नव्हते, म्हणून कर्त्यांनी जो काळ निवडला त्यात शरीराचे सारे अनुभव नादात उतरविता येत होते.

येथे एक गंभीर आक्षेप पुढे येतो आणि त्याला उत्तर दिल्याखेरीज पुढे जाता येत नाही. वास्तववादी म्हणतो: हा आवाज खोटा आहे. शर्यतीचे गुळगुळीत, मऊ रबराचे टायर रस्त्यावरील टायरांसारखे किंचाळत नाहीत. शिवाय २०११ ते २०१३ या काळातील फॉर्म्युला वन गाडीचे आठ सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला अठरा हजार फेऱ्यांपर्यंत जात असे. त्या वेगाला सेकंदास बाराशे स्फोट होतात. त्या कोलाहलात चालकाला टायर कसला ऐकू येणार? बुद्ध सर्किटच्या दहाव्या-अकराव्या वळणावर, जेथे गाडी दीर्घकाळ उजवीकडे वळत राहते आणि सारा भार डाव्या चाकांवर येतो, तेथे फेटेलने टायर ‘ऐकला’ नसेल. त्याला तो मणक्यातून कळला असेल. मग खेळात तो ऐकविणे ही फसवणूक नव्हे काय?

आक्षेपातील तथ्य मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. रंगभूमीवरील स्वगत असेच खोटे असते. कोणताही मनुष्य आपल्या मनातील द्वंद्व शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल अशा आवाजात बोलून दाखवीत नाही. तरीही ते स्वगत काढून टाकले, तर नाटकातील अंतःकरणच प्रेक्षकापासून लपते. माध्यमात एका इंद्रियाचा दरवाजा बंद असेल, तर त्या वाटेने येणारे सत्य दुसऱ्या दरवाजाने आत आणणे, ही सर्व कलांची जुनी रीत आहे. श्रुतिकेत घोड्याच्या टापा करवंट्यांनी वाजविल्या जात, आणि श्रोत्याला त्या खऱ्याच वाटत. या संदर्भात बा. सी. मर्ढेकरांचे स्मरण होते. आकाशवाणीत अधिकारी म्हणून गावोगाव बदल्या भोगलेल्या आणि १९५६ मध्ये दिल्लीतच निवर्तलेल्या या कवीने केवळ कानासाठी संगीतिका लिहिल्या, आणि सौंदर्यविचारात संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांवर भर दिला. एका इंद्रियाच्या भाषेत उभे केलेले जग पूर्ण असू शकते की नाही, हा प्रश्न त्या पिढीने दररोजच्या नोकरीत हाताळला होता. त्यांच्या कसोटीने पाहावयाचे तर आवाज खऱ्या गाडीतल्या आवाजासारखा आहे की नाही हे दुय्यम ठरते. आवाजाचे चढ-उतार पकडीच्या चढ-उतारांशी संवादी आहेत की नाहीत, हे मुख्य. सत्य नादात नसून नादांच्या परस्परसंबंधात असते.

कानाची ही वाट निवडण्याला एक व्यावहारिक समर्थनही आहे. दृश्यापेक्षा नादाला माणूस किंचित लवकर प्रतिसाद देतो. हा फरक सेकंदाच्या काही शतांश भागांएवढा मानला जातो. तो चार शतांश धरला, तरी ताशी दोनशे किलोमीटर वेगाला तेवढ्या अवधीत गाडी दोन मीटरांहून अधिक पुढे गेलेली असते. तिसऱ्या वळणानंतरची किलोमीटरभराची सरळ धाव संपवून चौथ्या वळणासाठी ब्रेक लावताना तेवढ्या अंतरावर पुष्कळ काही ठरते.

हाताची गोष्ट मात्र याहूनही सूक्ष्म आहे. टायर आपल्या शिखरापाशी पोहोचण्याच्या थोडे आधीच स्टिअरिंग जड होण्याचे थांबून हलके होऊ लागते. म्हणजे धोक्याची पहिली सूचना जोराने येत नाही, ती जोर कमी होण्यातून येते. ज्याच्या हाती चांगले चाक आहे, त्याला हे मौन आधी कळते आणि आवाज नंतर ऐकू येतो. व्यंजनेचे याहून सुंदर भौतिक उदाहरण मला ठाऊक नाही. इटलीतील कुनोस संस्थेच्या ‘असेटो कोर्सा’ या २०१४ च्या खेळात हा हाताचा अनुभव फार बोलका आहे, आणि म्हणूनच त्यात टायरांच्या आवाजाचे प्रमाण कमी-जास्त करण्याची सोय वेगळी ठेवली आहे, हे मला योग्य वाटते. हात समर्थ झाला की कानाने आवाज खाली घ्यावा आणि हात मुका असेल तर वर न्यावा, ही मुभा रसिकाला दिलेली आहे. रसिकाची सिद्धता पाहून अर्थ कमी-अधिक उलगडणारी रचना ही प्रौढ कलेची खूण होय.

यानंतर दोषांकडे वळले पाहिजे, कारण ते केवळ सौंदर्याचे दोष नाहीत. पहिला दोष असा की, पुष्कळ खेळांत किंकाळी हीच बक्षीस होऊन बसली आहे. गाडी आडवी घसरवावी, टायर ओरडावेत, धूर निघावा आणि गुण वाढावेत, अशी योजना असली की सूचना हीच शाबासकी होते. जो आवाज ‘थांब’ म्हणण्यासाठी जन्मला, तो ‘वाहवा’ म्हणू लागतो. रसाच्या भाषेत बोलावयाचे तर येथे भयाचा अनुभाव घेऊन त्यातून हास्य निर्माण केले जाते. विदूषकी म्हणून ते क्षम्य असेल. परंतु अशा खेळाने स्वतःस प्रतिरूप म्हणवून घेऊ नये.

दुसरा दोष अधिक खोल आहे. कोरड्या रस्त्यावर टायर ओरडतो, कारण रबर आणि डांबर यांचे चिकटणे-सुटणे चालू असते. रस्ता भिजला की पाण्याचा थर मध्ये येतो आणि तो आवाज बहुतांशी मावळतो. पाणी अधिक साचले तर टायर रस्ता सोडून पाण्यावरच तरंगू लागतो. तेव्हा किंकाळी नसते, फक्त पाण्याचा फवारा ऐकू येतो आणि स्टिअरिंग एकाएकी हलके होते. म्हणजे संकट जेव्हा सर्वांत मोठे, तेव्हाच आपला हा इशारेदार मुका असतो. ज्या मुलाने खेळातून एवढेच शिकून घेतले की, ‘टायर ओरडेपर्यंत भय नाही’, तो पुढे वयात येऊन पहिल्या पावसात दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्गावर गाडी काढील, तेव्हा तो कोणत्या आवाजाची वाट पाहील? हिवाळ्यात या भागातील धुके डोळा हिरावून घेते, हे सर्वांस ठाऊक असते आणि लोक जपतात. पावसाळा कान हिरावून घेतो, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. म्हणून प्रतिरूप-खेळाची खरी परीक्षा मी पावसातील शर्यतीत घेईन. तेथे जो खेळ कोरड्या रस्त्याचीच किंकाळी निर्लज्जपणे वाजवितो, त्याने संवाद सोडून केवळ सवयीची सोय पाहिली. जो तेथे गप्प बसण्याचे धैर्य दाखवितो आणि त्या गप्पपणातून चालकाला सावध करतो, त्याला मी कलाकृती म्हणेन.

आपल्या वाचकांपैकी बहुतेक जण शासनाच्या सेवेत, आपल्या मुलखापासून दूर आहेत. दूरच्या क्षेत्राचा कारभार प्रत्यक्ष स्पर्शाविना, कागदांवरून आणि तक्रारींवरून चालविणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावयास नको. जेथून तक्रारीचा आवाज मोठा, तेथेच संकट मोठे, असे मानणारा अधिकारी आणि किंकाळीची वाट पाहणारा चालक हे दोघे एकाच चुकीत सापडतात. अनुभवी अधिकारी एखाद्या तालुक्याकडून एकाएकी काहीच ऐकू येईनासे झाले की दौऱ्यावर निघतो.

शेवटी भाषेचा एक मुद्दा. या साऱ्या विवेचनात मला शब्दांची वाण पडली नाही, याचे श्रेय माझे नाही. टायर रस्त्यावर सुखाने धावतो तेव्हा त्याची सरसर असते, भार पडू लागला की कुरकुर, मर्यादेपाशी करकर, मर्यादेपलीकडे किंकाळी, आणि ओल्या रस्त्यावर नुसती सळसळ. या पायऱ्या कोणा अभियंत्याने घडविलेल्या नाहीत. बैलगाडीच्या चाकाची धाव सैल झाली की खडखड आणि आखाला वंगण कमी पडले की करकर, हे कानाने ओळखणाऱ्या गाडीवानांनी ते शब्द झिजवून गुळगुळीत करून ठेवले आहेत. आपली मुले या नगरांत वाढताना हिंदी आणि इंग्रजी उत्तम बोलतात, याचा आनंदच आहे. पण त्यांच्या मराठीत या पाचही आवाजांना मिळून ‘आवाज’ हा एकच शब्द उरला आहे, असा अनुभव अनेक घरांत येतो. ज्याला पाच नावे ठाऊक आहेत, त्याचा कान पाच गोष्टी वेगळ्या ऐकण्यास सिद्ध असतो. एक नाव ठाऊक असलेल्याला तेवढ्यासाठी दुप्पट श्रम पडतात.

तेव्हा मुलगा पडद्यापुढे बसून बुद्ध सर्किटच्या दहाव्या वळणात शिरत असेल, तर त्याच्यावर रागावण्याऐवजी शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि विचारावे, “आता डावे चाक कुरकुरते आहे की करकरते आहे?” तो उत्तर देण्यासाठी क्षणभर कान देईल. त्या क्षणी खेळाच्या कर्त्याचे, चालकाचे आणि मराठीचेही काम एकदमच साधेल.